उघड्यावरची शाळा आणि तिचा शिक्षक

दिवाळीची सुटी संपली, हवा कोरडी आणि थंड झाली, कीं शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. मुलें एक छापील चिठ्ठी घेऊन घरीं येतात. तींत ठिकाणाचें नांव असतें, निघण्याची व परतण्याची वेळ असते, वर्गणीची रक्कम असते, आणि खालीं पालकांच्या सहीसाठीं एक रेघ ओढलेली असते. वडील रक्कम पाहतात, आई डब्यांत काय द्यावें याचा विचार करूं लागते, आणि मूल सही होईपर्यंत तेथून हलत नाहीं. कोठें जाणार हें सर्वांनीं वाचलेलें असतें. कोणाबरोबर जाणार हें मात्र बहुतेक घरांत कोणी विचारीत नाहीं. माझ्या आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. मुलांना घेऊन डोंगरावर, समुद्रकांठीं, रानांत जाणारा जो शिक्षक, त्याला काय काय यावें लागतें, त्याच्यावर कोणता भार असतो, आणि घरीं बसलेले आपण लोक त्याच्यासाठीं काय करूं शकतों, याविषयीं मी चार शब्द बोलणार आहें.

प्रथम एक भेद स्पष्ट करतों. सहल ही वाईट गोष्ट नव्हे. चार सोबत्यांबरोबर मोकळ्या हवेंत घालविलेला दिवस मुलाला पुष्कळ देऊन जातो. परंतु मोटारींतून उतरावें, किल्ल्याचा दरवाजा पाहावा, छायाचित्रें काढावीं, जेवावें आणि गाणीं म्हणत परत यावें, एवढ्यानें शिक्षण झालें असें म्हणतां येत नाहीं. उघड्यावरच्या शिक्षणांत ठिकाण हेंच पुस्तक असतें. मुलाचे पाय, डोळे आणि कान हीं तें वाचण्याचीं साधनें असतात. आणि शिक्षक या दोहोंच्या मध्यें न येतां जवळ उभा असतो. हें मध्यें न येतां जवळ उभें राहणें फार कठीण आहे. वर्गांत फळा, खडू, घंटा व चार भिंती शिक्षकाच्या मदतीला असतात. बाहेर यांपैकीं कांहींच नसतें. तेथें वारा त्याचा आवाज उडवून नेतो, एक माकड चाळीस मुलांचें लक्ष क्षणांत पळवितें, आणि घंटेचें काम सूर्य करतो.

या विचाराला आपल्या देशांत व बाहेरहि जुनी परंपरा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ सालीं शांतिनिकेतनांत शाळा काढली, तेव्हां वर्ग झाडांखालीं भरविले. १९०७ सालीं बेडन पॉवेल यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर घेतलें. श्रीमंतांच्या शाळांतलीं मुलें आणि कामकऱ्यांच्या घरचीं मुलें त्यांनीं त्यांत मुद्दाम एकत्र ठेवलीं होतीं. बालवीरांची चळवळ पुढें जगभर पसरली, तिचा उगम या छोट्या शिबिरांत आहे. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हिटलरवर उघड टीका केल्यामुळें तुरुंगांत पडले आणि १९३३ सालीं देश सोडून ब्रिटनला आले. महायुद्ध चालू असतां, १९४१ सालीं, त्यांनीं लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साह्यानें वेल्समधील ॲबरडोव्ही येथें ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. बुडालेल्या जहाजांवरून सुटलेल्या खलाशांत वयस्क माणसें तगतात आणि धडधाकट तरुण आधीं धीर सोडतात, असें होल्ट यांचें म्हणणें होतें. अंगांत बळ आहे, पण मनाला संकटाची ओळख नाहीं, अशा तरुणांसाठीं ही शाळा होती.

आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं याहून निराळा, आणि मला वाटतें याहून खोल, विचार केला. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या साह्याला आल्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आजूबाजूच्या वारली मुलांना गुरें राखावीं लागत, म्हणून तीं शाळेंत येत ना. तेव्हां मुलें शाळेकडे येत नसतील तर शाळेनें मुलांकडे जावें असें ठरलें, आणि शिक्षक गुरांमागोमाग कुरणांत गेले. या शाळेला ‘कुरणशाळा’ हें किती सरळ नांव मिळालें! या शाळेंत बाहेरचें जग ही चैन नव्हती, तें मुलांचें रोजचें घर होतें. कोणतें गवत गुरें खातात, कोणत्या पक्ष्याच्या ओरडण्यानें काय समजावें, पाणी कोठें मिळतें, हें शिक्षकापेक्षां मुलांनाच अधिक ठाऊक होतें. शिक्षक तेथें पाहुणा होता. बाहेर शिकविणाऱ्या प्रत्येकानें हा पाहुणेपणा अंगीं बाणविला पाहिजे. गडाखालच्या वाडींतला गुराखी किंवा कोळीवाड्यांतला म्हातारा नाखवा त्या ठिकाणापुरता त्याचाहि गुरु आहे, हें त्यानें विसरतां कामा नये.

आतां बाहेर शिकवावयाचें तरी काय, असें कोणी विचारील. एक उदाहरण देतों. सह्याद्रीच्या कोणत्याहि उभ्या कड्यासमोर मुलांना बसवा. आडवे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस पुन्हां पुन्हां वाहिला व थिजला. त्या वाहण्याचे हे थर आहेत. सामान्य शिक्षक कड्याकडे बोट दाखवितो आणि ही माहिती दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. मुलें मान डोलावतात व विसरतात. जाणता शिक्षक म्हणतो, “पट्टे मोजा.” मग विचारतो, “सर्व सारख्या जाडीचे आहेत काय? झाडें कोठें उगवलीं आहेत? काळा ओला डाग कोठें दिसतो?” मुलें पाहूं लागतात. दोन थरांच्या सांध्यांत झाडी आहे, तेथेंच ओल आहे, हें कोणाच्या तरी ध्यानांत येतें. वर गेल्यावर खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें लागतें, तेव्हां एखादी मुलगी आपण होऊन विचारते, “हें पाणी त्या सांध्यांतूनच येतें काय?” भूगोल आणि इतिहास यांच्यामधली भिंत तेथें पडते. शत्रूचा वेढा पडला असतां गडावर माणसें महिनेच्या महिने कशी राहत, याचें उत्तर तिला पुस्तकाशिवाय सांपडलें. शिक्षकानें काय केलें? तीन प्रश्न विचारले आणि उत्तर स्वतःजवळ ठेविलें.

रानाचें वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशीं जुळत नाहीं, हेंहि या शिक्षकाला ठाऊक असावें लागतें. कारवी घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर तिचीं बनेंच्या बनें आहेत. परंतु ती दर वर्षीं फुलत नाहीं. सात-आठ वर्षें ती नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, आणि बीं धरून ती झाडें मरतात. मुंबईजवळच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१६ सालीं व त्यानंतर २०२४ सालीं असा बहर आला होता. शाळेच्या दहा वर्षांत मुलाला हें दृश्य एकदां, फार तर दोनदां, पाहावयास मिळणार. त्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या धांदलीत एक दिवस काढून जो शिक्षक वर्गाला कारवी दाखवून आणतो, त्याच्या हातून त्या मुलांचे कांहीं गुण बुडाले तर बुडोत. निसर्गांत एखादी गोष्ट आपल्या सोयीची वाट पाहत नाहीं, हें त्यांना एका दुपारींत कळलेलें असतें.

ही झाली शिकविण्याची बाजू. दुसरी बाजू सांभाळण्याची, आणि ती पहिलीच्या आधीं येते. मुलांना बाहेर नेणें ही स्वतंत्र विद्या आहे. नुसता उत्साह, नुसतें धाडस किंवा स्वतःच्या तरुणपणीं सर केलेले गड यांच्यावर ती उभी राहत नाहीं. तिचे कांहीं ठोकताळे आज आपल्यापुढें ठेवतों.

पहिला हिशेब वेळेचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक साधा नियम सांगितला: दर तीन मैलांना एक तास धरावा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे तीन मैलांची वाट व दोन हजार फुटांचा चढ असला, तर चालण्यास सरावलेल्या प्रौढ माणसाला न थांबतां दोन तास लागतील. चाळीस मुलांच्या तुकडीला असे दोन तास पुरणार नाहींत. कोणाच्या चपलेचा बंद तुटतो, कोणाला तहान लागते, कोणी फुलपाखरामागें थांबतो. आणि थांबावेंच, त्यासाठींच तर आलों. अनुभवी शिक्षक म्हणून हा काळ दुप्पट धरतो. मार्गशीर्षांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हां अंधारापूर्वीं दोन तास खालीं पोंचावयाचें असेल तर वरून केव्हां निघालें पाहिजे, हें तो पायथ्याशींच ठरवितो व मुलांना सांगून टाकतो. ती वेळ झाली कीं शिखर शंभर पावलांवर असलें तरी मागें फिरावयाचें.

दुसरा हिशेब ओळीचा. तुकडीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलानें ठरवावयाचा असतो, सर्वांत चपळ मुलानें नव्हे. वाट माहीत असलेला एक शिक्षक पुढें आणि तितकाच जाणता दुसरा शेवटीं. शेवटच्याच्या मागें एकहि मूल राहतां कामा नये. प्रत्येक मुलाला एक जोडीदार, आणि मोजणी निघतांना, प्रत्येक फाट्यावर, पाण्यापाशीं, जेवणानंतर आणि मोटारींत चढण्यापूर्वीं. ही मोजणी मुलांना कंटाळवाणी वाटते, मोठ्यांना हास्यास्पद वाटते. तरी ती करावयाची.

तिसरा हिशेब पाण्याचा. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. हा हिशेब ढोबळ आहे आणि भरतीओहोटीचें छापील कोष्टक हातीं असणें केव्हांहि चांगलें. परंतु घरच्या पंचांगावरून समुद्राचें मन ओळखतां येतें, हें मुलांना किती रंजक वाटेल! आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी असते, ओहोटीचें पाणी माणसाला आंत ओढतें, आणि शांत दिसणाऱ्या पाण्यालाहि ओढ असते, हें समुद्रकांठीं नेणाऱ्या शिक्षकाला पाठ असलें पाहिजे. ओढ्यांचेंहि तसेंच. आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी वरच्या डोंगरावर पाऊस पडून गेला, तर घोट्याएवढा ओढा थोड्या वेळांत कमरेएवढा होतो.

चौथा हिशेब आकाशाचा आणि रानाचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर अंतर धरावें. हा अवधि तीस सेकंदांच्या आंत आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरांच्या आंत आली, कीं शिखर, उघडें पठार व एकटें झाड सोडून पक्क्या इमारतीचा किंवा बंद मोटारीचा आश्रय करावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथून हलूं नये. कड्यावर आग्यामोहोळ लटकत असेल तेथें आरडाओरड नको, धूर नको, दगड तर नकोच नको. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांची ओळख हवी. आणि दंश झालाच तर जखम कापणें, रक्त चोखणें, दोरीनें आवळून बांधणें यांपैकीं कांहीं न करतां, तो अवयव हलूं न देतां, धीर देत मुलाला रुग्णालयांत न्यावयाचें, हें ठाऊक हवें. सापाच्या विषावरील प्रतिविष सर्वांत जवळ कोणत्या रुग्णालयांत आहे, ही चौकशी निघण्यापूर्वींच झालेली असली पाहिजे. मूल विव्हळत असतांना ती करीत बसणें परवडत नाहीं.

हें सर्व ऐकून एखादी माउली म्हणेल, “इतके धोके आहेत तर मुलांना घरींच ठेवलेलें काय वाईट?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुलें गेलीं आणि परत आलीं नाहींत, अशा घटना घडलेल्या आहेत. त्यांतील तीन सांगतों. भय दाखविण्यासाठीं नव्हे, तर त्यांतून शिकण्यासारखें आहे म्हणून.

१९७१ च्या नोव्हेंबरमध्यें एडिंबरा येथील एका शाळेच्या मुलांचीं दोन पथकें स्कॉटलंडमधील केअर्नगॉर्म पठारावर गेलीं. पठारावर निवाऱ्यासाठीं एक लहान खोपट होतें, तेथें रात्र काढावयाची होती. हिमवादळ आलें. तगडें पथक खोपटापर्यंत पोंचलें. दुबळ्या पथकाबरोबर दोन अगदीं तरुण मुली मार्गदर्शक म्हणून होत्या. त्यांना खोपट सांपडलें नाहीं. उघड्या बर्फांत दोन रात्री गेल्या. पांच मुलें आणि त्या दोघींपैकीं एक मरण पावलीं. या घटनेनंतर ब्रिटनमध्यें मोठा वाद झाला. पठारावरचीं खोपटें पुढें काढून टाकण्यांत आलीं, कारण जें वादळांत सांपडेलच असें नाहीं, त्याच्या भरंवशावर माणसें पुढें जातात असें दिसून आलें. मुलांना डोंगरांत नेणाऱ्यांच्या शिक्षणाचे व परीक्षेचे नियम कडक झाले. मला यांत एक गोष्ट विशेष वाटते. सर्वांत दुबळ्या मुलांना सर्वांत अनुभवी शिक्षक हवा होता. तेथें उलट झालें.

दुसरी घटना १९९३ च्या मार्चमधली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरांत प्लिमथच्या एका शाळेचीं मुलें लहान होड्या वल्हविण्यास गेलीं. तीं एका खाजगी साहसकेंद्राच्या स्वाधीन होतीं. सोबत गेलेले शाळेचे शिक्षक स्वतः नवशिके होते, आणि केंद्राच्या मार्गदर्शकांचाहि अनुभव तोकडा होता. शिक्षकांची होडी वारंवार उलटूं लागली. एक मार्गदर्शक त्यांच्यापाशीं अडकला. दुसऱ्याबरोबर मुलें वाऱ्यानें समुद्रांत वाहवत गेलीं. परतण्याची वेळ टळून गेली तरी साह्यासाठीं कळविण्यास उशीर झाला. चार मुलें मृत्यु पावलीं. या केंद्रांत मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होत आहे, असें तेथून सोडून गेलेल्या मार्गदर्शकांनीं मालकांना आधींच पत्रानें कळविलें होतें. पुढें न्यायालयांत त्या कंपनीला व तिच्या संचालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें, आणि १९९५ सालीं पार्लमेंटनें कायदा करून अशा केंद्रांना परवाना व तपासणी लागू केली. ब्रिटननें मुलांना समुद्रावर नेणें बंद केलें नाहीं. नेणारा कोण, हें मात्र तपासून पाहावयास सुरुवात केली.

तिसरी घटना आपल्या शेजारची. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोदें येथील हरणी तलावांत शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुलें आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. होडींत क्षमतेपेक्षां अधिक माणसें होतीं, आणि पुष्कळांच्या अंगांत तरंगतें जाकीट नव्हतें. या शिक्षिका मुलांबरोबर गेल्या. त्यांच्याविषयीं कठोर शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीं. परंतु अशा वेळीं होडीच्या कांठावर उभें राहून “इतकीं मुलें नाहींत, आणि जाकिटाशिवाय एकहि नाहीं” असें म्हणण्याचें बळ प्रत्येक शिक्षकाला कोठून तरी मिळालें पाहिजे. मुलें उतावीळ असतात, होडीवाला घाई करतो, पैसे भरलेले असतात. त्या क्षणीं नकार देणें हें कड्यावर चढण्यापेक्षां अवघड आहे. तें बळ शिक्षणानें येतें, अधिकारानें येतें, आणि आपल्या पाठीशीं शाळा व पालक उभे आहेत या खात्रीनें येतें.

प्रत्येक अपघातानंतर सर्वांत सोपा मार्ग दिसतो तो सहली बंद करण्याचा. शाळेला जबाबदारी टळते, पालकांची चिंता मिटते. पण मूल अठरा वर्षांचें होतेंच. तें मित्रांबरोबर धबधब्यावर जातें, धरणावर जातें, समुद्रावर जातें. आणि त्या वेळीं बरोबर शिक्षक नसतो. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरुडच्या किनाऱ्यावर महाविद्यालयाच्या सहलीला गेलेलीं चौदा तरुण मुलेंमुली बुडालीं. त्या मुलांना दोष देण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं पाण्याची ओढ, निसरडा खडक, परत फिरण्याची वेळ या गोष्टी आपण मुलांना बाराव्या वर्षीं जाणत्याच्या हाताखालीं शिकविल्या नाहींत, तर त्या विसाव्या वर्षीं शिकविण्यास कोणी नसतो. घरांत कोंडून ठेवलेलें मूल सुरक्षित नसतें. त्याचा धोका आपण फक्त पुढें ढकललेला असतो.

आतां या शिक्षकाची स्थिति पाहा. तो बहुधा इतिहासाचा, भूगोलाचा किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो. तरुण आहे, अविवाहित आहे, उत्साही आहे, एवढ्यावरून त्याची निवड होते. गिर्यारोहणाचें शिक्षण देणाऱ्या संस्था देशांत आहेत. दार्जिलिंगची संस्था १९५४ सालीं निघाली आणि तेनसिंग नोर्गे तिचे पहिले क्षेत्र-प्रशिक्षण प्रमुख होते. उत्तरकाशीची संस्था १९६५ सालीं निघाली. परंतु हिमालय चढणें आणि सातवीच्या चाळीस मुलांना सिंहगडावर नेऊन आणणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि दुसरीसाठीं शिक्षकाला क्वचितच कोणी शिकवितें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली, हें योग्यच झालें. पण शाळेंतला शिक्षक हा आयोजक नव्हे. तो आपल्या वर्गाचा पालक आहे. शनिवार-रविवार तो बाहेर घालवितो, त्याबद्दल त्याला वेगळें कांहीं मिळत नाहीं; सर्व सुरळीत झालें तर कोणी आठवण काढीत नाहीं, आणि एका मुलाचा पाय मुरगळला तर सर्वांना त्याचें नांव ठाऊक होतें.

शिक्षिकांचा प्रश्न आणखी एक. सोबत शिक्षिका नाहीं, म्हणून किती मुलींना घरीं बसावें लागतें! ज्या शाळेंत डोंगर जाणणारी एक तरी शिक्षिका आहे, त्या शाळेच्या मुलींना डोंगराची वाट मोकळी होते. मुलींना वगळून केलेल्या सहलीला शाळेची सहल म्हणूं नये. तसेंच वर्गणी देतां येत नाहीं म्हणून एखादें मूल “मला बरें वाटत नाहीं” असें सांगून मागें राहतें. तें जाणणारा शिक्षक आणि तें भरून काढणारी शाळा हवी. २०२५ सालीं युनेस्कोनें शिवकालीन दुर्गांसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला; त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. तो वारसा ज्यांच्या बापाजवळ पैसे आहेत त्यांचाच आहे, असें होऊं नये.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना असावेत असें सुचविलें आहे. कल्पना चांगली आहे. पण दप्तर घरीं ठेवणें सोपें. त्या दहा दिवसांत मुलांचा हात कोण धरणार, हें ठरविणें कठीण. शिक्षकांच्या प्रशिक्षण-विद्यालयांत या विद्येला स्थान मिळालें पाहिजे. नवशिक्यानें प्रथम तीन-चार सहलींत ओळीच्या शेवटीं चालावें, मग मध्यें, आणि मगच पुढें. ज्या वाटेनें मुलांना न्यावयाचें ती वाट त्यानें त्याच ऋतूंत आधीं एकदां चालून पाहावी. शाळेनें त्या दिवसाचा पगार व प्रवासखर्च द्यावा. यांत अवघड असें कांहीं नाहीं. तें अगत्याचें आहे असें वाटण्याचा अवकाश आहे.

श्रोतेहो, यांत आपला वाटा लहान नाहीं. सही करण्यापूर्वीं कांहीं प्रश्न शाळेला अवश्य विचारा. बरोबर जाणाऱ्यांपैकीं ती वाट कोणी पूर्वीं चालला आहे काय? किती मुलांमागें एक मोठें माणूस आहे? जवळचें रुग्णालय कोणतें? पाण्यांत उतरावयाचें असल्यास तेथें कोण असणार? मागें फिरण्याची वेळ कोणती ठरली आहे? हे प्रश्न अविश्वासानें विचारूं नका. चांगला शिक्षक त्यांनीं दुखावत नाहीं, उलट त्याला आधार वाटतो. मुलाला दमा असेल, फीट येत असेल, पाण्याची भीति वाटत असेल, तर संकोच न करतां त्याला सांगा. जो आपण लपवितों तो धोका त्याच्या हवालीं करतों.

आणि एक शेवटची विनंति. कधीं असें होईल कीं मुलें हिरमुसलीं होऊन परत येतील. “किल्ला अर्धाच पाहिला, सरांनीं मध्येंच परत फिरविलें. ढग आले होते, पण पाऊस पडलाच नाहीं!” अशी तक्रार तीं करतील. त्या वेळीं वर्गणीचा हिशेब मनांत आणूं नका, मुलांच्या सुरांत सूर मिळवूं नका. पाऊस पडला नाहीं हें त्यांना घरीं आल्यावर कळलें; शिक्षकाला निर्णय घ्यावा लागला तो ढगांखालीं उभें राहून. किल्ला तीनशे वर्षें तेथें आहे, तो पुढच्या वर्षींहि असेल. दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन, किंवा दोन ओळी लिहून, त्या शिक्षकाला एवढेंच कळवा कीं आपण केलेंत तें योग्य केलेंत. पुढच्या खेपेला ढग दाटून येतील, त्या वेळीं त्याला त्या दोन ओळी आठवतील.